‘अळी पडली’ हे किडीचं नाव नाही



दिवाळीनंतर लावलेली पत्ताकोबी आणि फुलकोबी आता तीस-चाळीस दिवसांची झाली आणि नेहमीचे मेसेज सुरू झाले. भोकं पडलेल्या पानाचा वरून काढलेला एक फोटो आणि खाली एकच ओळ, “दादा, गोबीला अळी पडली, काय मारू?” हाच फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला की पाच मिनिटांत दहा उत्तरं येतात. दहा उत्तरांत दहा बाटल्यांची नावं. पण कोणती अळी, हे विचारणारा एकही नसतो.

माझं म्हणणं सरळ आहे, कोणाला राग आला तरी चालेल. किडीचं नाव माहीत नसताना सांगितलेलं औषध म्हणजे सल्ला नाही, तो अंदाज आहे. अंदाज करणारा वेगळा आणि त्याचे पैसे भरणारा वेगळा. फुलंब्री, सिल्लोड, कन्नड, गंगापूर, कुठंही जा, हीच गत आहे. जनावर आजारी पडलं तर आपण डॉक्टरला सांगतो, चारा खात नाही, कान गार आहेत, शेण पातळ आहे. पिकाच्या वेळेला मात्र “अळी पडली” एवढ्यावर गाडी दुकानाकडं वळते.

ज्याला आपण नुसतं अळी म्हणतो त्यात कोबीवर निदान सहा वेगळे किडे येतात. सहाही जणांची राहण्याची, खाण्याची तऱ्हा वेगळी आहे. ओळखायला भिंगसुद्धा लागत नाही. पान उलटं करावं लागतं, बास.

१) चौकोनी ठिपक्यांचा पतंग, म्हणजे आपण म्हणतो ती डीबीएम. अळी फिकट हिरवी, जेमतेम एक सेंटीमीटरची, दोन्ही टोकांना निमुळती. तिला काडी लावून बघा. वळवळत मागं सरकते आणि धाग्याला लोंबकळून खाली सुटते. ही एक खूण पुरेशी आहे. अंड्यातून निघालेली अळी पहिल्यांदा पानाच्या आत शिरून पोखरते. मग बाहेर येऊन पानाच्या खालून खाते आणि वरचा पातळ पापुद्रा तसाच ठेवते. उन्हात पान धरलं की काचेच्या खिडक्यांसारखे पांढरे डाग दिसतात. नंतर तो पापुद्रा फाटतो आणि भोक होतं. कोष पानावरच असतो, जाळीदार, आतलं दिसेल असा. पतंग करडा, पंख मिटून बसला की पाठीवर चौकोनी फिकट ठिपक्यांची रांग दिसते.

२) तंबाखूची पानं खाणारी अळी, म्हणजे स्पोडोप्टेरा. सोयाबीनमुळं ही आपल्याला चांगली माहीत आहे. अंडी पुंजक्यात घालते आणि पुंजक्यावर भुरकट केसांचं पांघरूण असतं. लहान अळ्या झुंडीनं एकाच पानावर बसतात आणि पानाची जाळी करतात. मोठी झाली की पांगते, दिवसा मातीत नाहीतर खालच्या पानांत दडते आणि रात्री खाते. पाठीवर दोन्ही बाजूंना काळे ठिपके असतात.

३) कोंब पोखरणारी अळी. रोपवाटिकेत आणि लागवडीनंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत हिला शोधायचं. मळकट पांढऱ्या अंगावर तपकिरी-जांभळट उभ्या रेषा असतात. रोपाच्या मधल्या कोंबात जाळं करून आत बसते आणि नेमका वाढीचा डोळा खाते. मग बाजूनं दोन-चार फुटवे निघतात, लिंबाएवढे गड्डे धरतात नाहीतर गड्डा धरतच नाही. शेतकरी म्हणतो, “बियाणं बोगस निघालं.” कधीकधी निघतंही बोगस, पण दुकानाशी भांडायला जाण्याआधी दहा रोपांचे कोंब फाडून बघा.

४) पानं गुंफणारी अळी. हिरवी, डोकं तांबूस, अंगावर उभ्या पांढुरक्या रेषा. अंडी पानाच्या खाली चपट्या थरात. अळ्या एकत्र राहतात, जाळ्यानं पानं एकमेकाला चिकटवतात आणि आत विष्ठेचा लगदा करून ठेवतात. गड्डा उघडला की घाण वास येतो.

५) उंटअळी. पाठीची कमान करत चालते, म्हणून नाव तसं. पानाला वेडीवाकडी मोठी भोकं पाडते. बहुतेक वेळा एकेकटी असते. एखादं भलंमोठं भोक दिसलं म्हणून सगळा प्लॉट खाल्ला असं नसतं.

६) मोहरी-मुळ्यावरची काळी अळी. ही पतंगाची अळी नाहीच. इंग्रजीत जिला सॉफ्लाय म्हणतात त्या माशीची ही पोर आहे. हिरवट काळी, सुरकुतलेली, हात लावला की गोल होऊन खाली पडते. पोटाखालचे मऊ पाय मोजा, आठ जोड्या भरतील. पतंगाच्या अळीला पाचच्या वर नसतात. सकाळी आणि संध्याकाळी खाते.

अळ्यांच्या पलीकडं आणखी पाहुणे आहेत. मावा तर सगळ्यांना ठाऊक आहे, पण कोबीवर त्याचेही प्रकार आहेत. एकाच्या अंगावर राखेसारखी पांढरट भुकटी असते, दुसरा नुसता हिरवट. पान आकसतं, पिवळं पडतं, चिकट होतं आणि त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते. ढगाळ थंडीत माव्याला जोर येतो. मुळा-मोहरीच्या कोवळ्या रोपावर बारीक उड्या मारणारे भुंगेरे पडतात, पानाला टाचणीनं टोचल्यासारखी भोकं होतात. काळ्या अंगावर नारिंगी-पांढरे ठिपके असलेला एक चित्रविचित्र ढेकूणही येतो. तो रस शोषतो, पानावर पांढरे चट्टे पडतात आणि कोवळं रोप वाळतं.

आता पोस्टरवरचं पांढरं फुलपाखरू. कोबीच्या किडींचं कुठलंही पोस्टर बघा, ते पहिल्या ओळीत असतं. ती कीड खरी आहे. उत्तरेकडं थंडीत आणि डोंगरी भागात तिच्या अळ्या झुंडीनं पिकावर पडतात. पण आपल्या बांधावर पावसाळ्यात जी पांढरी-पिवळसर फुलपाखरं थव्यानं दिसतात त्यांतली बरीचशी बहावा, टाकळा यांवर वाढणारी असतात. त्यांना बघून पंप पाठीवर घ्यायचं काही कारण नाही. फुलपाखरू उडताना दिसलं म्हणजे कीड आली असं होत नाही. पानावर अंडी किंवा अळी सापडली तरच कीड.

आणि काही वेळा किडा नसतोच. पानाच्या कडेनं आत येणारा पिवळा त्रिकोण, टोक मधल्या शिरेकडं आणि आतल्या शिरा काळ्या, हा करपा नाही आणि किडाही नाही. तो जिवाणूचा काळा कुजवा आहे. बियाण्यातून येतो, पाण्याच्या शिंतोड्यानं पसरतो. फुलकोबीचा गड्डा तपकिरी पडला आणि देठ आतून पोकळ निघाला तर बहुतेक बोरॉन कमी आहे. आमच्या शिवारात एकानं अशा गड्ड्यावर दोनदा अळीचं महाग औषध मारलं. देणाऱ्यानं गड्डा कापून बघितला नव्हता, घेणाऱ्यानंही नाही. एका फावड्याचं काम होतं. माल गेला तो गेलाच, वर उधारी वाढली.

“एवढी नावं पाठ करून काय मिळणार? अळी म्हणजे अळी, मारली की मेली.” हे मला चांगल्या शिकलेल्या माणसानं तोंडावर सांगितलंय. म्हणून काय मिळतं ते सांगतो.

बीटी हे जैविक औषध पतंगाच्या लहान अळीवर चांगलं चालतं. अळीनं ते खावं लागतं, मग तिचं खाणं थांबतं आणि दोन-तीन दिवसांत ती मरते. उन्हानं त्याचा जोर जातो म्हणून संध्याकाळी मारायचं. पण मुळ्यावरची काळी अळी पतंगाची नाही, तिला नेहमीचं बीटी लागू पडत नाही. मग शेतकरी म्हणतो, “जैविक सगळं थोतांड आहे.” औषधाचा दोष नसतो, त्याला भलत्याच गुन्हेगारामागं पाठवलेलं असतं.

इमामेक्टिन, स्पिनोसॅड ही अळीची औषधं. त्यांच्या भरवशावर मावा जात नाही. माव्याला बघून “सगळ्याला चालतं” म्हणून कडक पायरेथ्रॉइड मारलं तर ढालकिडे, सिरफिड माशीच्या अळ्या आणि क्रायसोपा आधी मरतात. मावा पानाच्या वळीत दडलेला असतो, तो राहतो आणि पंधरा दिवसांत दुप्पट होऊन येतो. फुगलेला, तांबूस, कडक झालेला मावा पानावर दिसला तर त्याच्या आत बारीक गांधीलमाशीचं पिल्लू आहे असं समजा. तो आपल्या बाजूचा आहे. तसाच डीबीएमच्या मेलेल्या अळीशेजारी तांदळाच्या कणीसारखा पांढरा कोष दिसतो. त्याला किडीचं अंडं समजून चिरडणारे मी कितीतरी बघितलेत. तोही मित्रकीटक, कोटेशिया नावाचा.

स्पोडोप्टेराची मोठी अळी दिवसा पानावर नसते. मग भर उन्हात मारलेला पंप कोणावर पडतो? तिच्यासाठी अंड्यांचा पुंजका आणि जाळी झालेलं पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवणं हे कुठल्याही बाटलीपेक्षा स्वस्त पडतं. पण त्यासाठी लहानपणीच ओळखावी लागते. कोंब पोखरणारीचंही तेच. डोळा खाऊन झाल्यावर तुम्ही सोनं फवारलं तरी त्या रोपाला गड्डा येत नाही. तिथं पंप उचलायचा नसतो, नांगे भरायचे असतात.

नावाची किंमत सरकारनंही एकदा मोजलीय. २००८ साली सोयाबीनवर याच स्पोडोप्टेराचा उद्रेक झाला, शिवारच्या शिवार साफ झाली. त्यानंतर राज्यात २००९-१० पासून क्रॉपसॅप सुरू झालं. शेतात जाऊन कीड ओळखायची, मोजायची आणि मग सल्ला द्यायचा. सोयाबीन, कापूस, तूर, हरभऱ्याला आधी मोजा मग मारा हा नियम चालतो, तर कोबीनं काय पाप केलंय?

आता डीबीएमचं बोलू, कारण खरा धोका तिथं आहे. ही करडी चिमणी कीड साधी नाही. डीडीटीला शेतात दाद न देणारी पिकावरची पहिली कीड म्हणून हिचीच नोंद आहे, १९५३ साली इंडोनेशियातल्या जावा बेटावर. आपल्याकडं साठच्या दशकात पंजाबात लुधियान्याच्या भागात ती डीडीटी आणि पॅराथिऑनला जुमानत नाही असं दिसलं. बीटीच्या फवाऱ्यालाही शेतात पहिल्यांदा हिनंच हरवलं, हवाई बेटांवरची ती नोंद १९९० ची आहे. १९८५ साली तैवानमध्ये या एकट्या किडीवर आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरली होती. एका बोटाच्या पेराएवढ्या अळीसाठी जगभरचे शास्त्रज्ञ एकत्र बसले, ते उगीच नाही.

कारण साधं आहे. उष्ण हवेत हिची पिढी दोन-तीन आठवड्यांत पुरी होते. एक मादी शंभर-दीडशेच्या पुढं अंडी घालते. त्यातल्या ज्या अळ्या औषधाला टिकल्या त्यांचीच पोरं पुढं येतात. आपण तेच औषध पुन्हा मारलं की आपणच तगड्या अळ्यांची निवड करतो, जशी बैलाची करतो तशी.

“आम्ही औषध बदलतो ना!” हे उत्तर हमखास येतं. काय बदलता? बाटली बदलता. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल, फ्लुबेंडामाइड आणि सायंट्रानिलीप्रोल ही तीन टेक्निकल तीन वेगळ्या बाटल्यांत, तीन वेगळ्या रंगांच्या लेबलखाली मिळतात. पण तिन्ही एकाच गटातली आहेत, गट क्रमांक २८. अळीच्या शरीरात तिन्ही एकाच जागी घाव घालतात. पहिल्या फवारणीला एक, दुसरीला दुसरी, तिसरीला तिसरी मारली म्हणजे एकच औषध तीनदा मारलं. थायलंड आणि फिलिपिन्समध्ये या गटाचं औषध बाजारात आल्यावर थोड्याच वर्षांत डीबीएमनं त्याला दाद देणं सोडलं. तिथले शेतकरीही म्हणत असतील, आम्ही औषध बदलतो ना.

स्पिनोसॅड गट ५, इमामेक्टिन गट ६, इंडोक्झाकार्ब गट २२. हे खरे वेगळे. दुकानात गेल्यावर ब्रँड नका विचारू, “टेक्निकल कोणतं, गट कोणता, कोबीवर लेबल क्लेम आहे का,” हे तीन प्रश्न विचारा. ज्याला उत्तर देता येतं त्याच्याकडून माल घ्या. आणि एका पिढीवर एक गट, पुढच्या पिढीवर दुसरा. म्हणजे दोन-तीन आठवडे झाले की गट बदलला पाहिजे.

आता शेड्यूलवाल्यांकडं येतो. पत्ताकोबीचं सत्तर दिवसांचं फवारणी शेड्यूल म्हणून एक कागद मोबाइलवर फिरत असतो. दहाव्या दिवशी हे, अठराव्या दिवशी ते, पंचविसाव्या दिवशी दोन्ही एकत्र, वर टॉनिक, वर स्टिकर. मी कृषी पदवीधर पोरांना हात जोडून विचारतो, हे लिहिताना तुम्हाला किडीनं तारीख दिली होती का? तुम्ही चार वर्षं कीटकशास्त्र शिकलात. आम्ही दहावीवाले. आम्हाला तुमच्याकडून नजर पाहिजे, वेळापत्रक नको. वेळापत्रक तर एसटीलाही पाळता येत नाही, कीड कुठून पाळणार.

त्यातले काही कागद तर इतके जुने आहेत की त्यात डायक्लोरव्हॉस, ट्रायझोफॉस आणि फोरेट अजून छापलेलं आहे. ही तिन्ही ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहेत. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासून मनाई आहे. तरी तोच कागद दरवर्षी नव्या नावानं पुढं ढकलला जातो. ज्यानं ढकलला त्यानं वाचलासुद्धा नसतो.

दुकानदारांवर मी सगळा दोष टाकत नाही. हैदराबादच्या मॅनेज संस्थेचा वर्षभराचा देसी डिप्लोमा बऱ्याच दुकानदारांनी केलाय आणि त्यातले काही खरंच चांगलं ओळखतात. पण दुकानाचं पोट विक्रीवर चालतं, हे उघड आहे. “आज काही मारू नका, चार दिवसांनी पान दाखवा,” असं सांगून त्याला काय मिळणार? म्हणून निदान आपल्या वावरात करायचं आणि दुकानात फक्त खरेदी करायची. आपण उलटं करतो. निदान काउंटरवर होतं आणि वावरात फक्त फवारणी.

आता तुमच्या अडचणी. पहिली, “वेळ कुठाय?” एका एकरात पाच ठिकाणी थांबा, प्रत्येक ठिकाणी दहा रोपं बघा. पन्नास रोपांना अर्धा तास लागतो, आठवड्यातून दोनदा. एक फवारणी वाचली तर औषध, मजुरी आणि अर्धा दिवस वाचतो. लहान पिकात रोपामागं सरासरी दोन अळ्या भरल्या तर डीबीएमसाठी औषधाचा विचार करा. पन्नास रोपांत पंधरा अळ्या सापडल्या तर बसा गप, चार दिवसांनी परत बघा.

दुसरी, “ओळखेपर्यंत पीक हातचं जाईल.” असं होत नाही. गड्डा धरायच्या आधी कोबी थोडं पान गेलेलं सहन करते, भरून काढते. जाधववाडीत जाणाऱ्या कोबीची बाहेरची पानं आपण वावरातच काढतो. त्या बाहेरच्या पानाला चार भोकं असली म्हणून भाव पडत नाही. भाव पडतो तो अळी गड्ड्यात शिरली तर. म्हणून गड्डा धरायला लागतो तेव्हा डोळ्यांत तेल घालून बघायचं, त्याआधी घाबरायचं नाही. अपवाद एकच, कोंब पोखरणारी. तिच्यासाठी पहिला महिना बघायचा.

तिसरी, “मोहरी लावली होती, काही फायदा झाला नाही.” हे उत्तर मी सगळ्यात जास्त ऐकतो. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं ही पद्धत बसवली. कोबीच्या दर पंचवीस ओळींमागं मोहरीच्या दोन ओळी, त्यातली एक कोबीच्या लागवडीआधी १५ दिवस आणि दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी पेरायची. डीबीएम आणि मावा मोहरीकडं ओढले जातात. पण पुढचं अर्धं काम कोणी करत नाही. मोहरीवर जमलेली कीड तिथंच मारायची असते. आपण मोहरी लावतो, भाजी खुडतो आणि विसरतो. मग ती सापळा राहत नाही, किडीची रोपवाटिका होते. दोन ओळी दोन्ही एकाच दिवशी पेरल्या तर दुसऱ्या महिन्यात मोहरी वाळून जाते आणि कीड कोबीवर येते.

निंबोळी अर्काचंही असंच. पाच टक्के अर्क ताजा करून, कीड कमी असताना, संध्याकाळी पानाच्या खालून लागेल असा मारला तर अंडी घालणं आणि खाणं दोन्ही कमी होतं. हजार अळ्या झाल्यावर मारून “फरक पडला नाही” म्हणण्यात अर्थ नाही. तुषार सिंचनानं लहान अळ्या धुऊन जातात हेही खरं, पण प्लॉटमध्ये काळा कुजवा असेल तर तेच पाणी रोग पसरवतं. म्हणजे इथंही आधी नाव पाहिजे.

हे सगळं मी पैशासाठी बोलतो असं वाटत असेल तर अजून एक गोष्ट सांगतो. पंप पाठीवर कोणाच्या असतो? बहुतेक वेळा मजुराच्या, नाहीतर घरातल्या तरण्या पोराच्या. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. दोन-तीन औषधं एकत्र करून मारण्याची चर्चा तेव्हा राज्यभर झाली. दोन वर्षांत आपण विसरलो. आजही कोबीच्या पंपात तीन बाटल्या एकदम पडतात, कारण कीड कोणती ते माहीत नाही, म्हणून सगळ्यांसाठी सगळं. त्या तीन बाटल्यांतल्या दोन उगीच असतात, पण श्वासात तिन्ही जातात. आणि प्रतीक्षा काळ न पाळता तोडलेला गड्डा दुसऱ्या दिवशी कोणाच्यातरी लेकराच्या डब्यात जातो. आपण त्याला औषध म्हणतो, पण आहे ते विष. त्याला विष म्हणूनच वागवलं तर हात आपोआप आखडतो.

तर मग मागणं काय आहे?

दुकानदार भाऊंना, बिलावर औषधाच्या नावापुढं किडीचं नाव लिहा. जे लिहिता येत नाही त्याच्यासाठी बाटली देऊ नका.

पदवीधर पोरांना आणि कंपन्यांच्या प्रतिनिधींना, दिवस मोजून शेड्यूल लिहिणं बंद करा. ‘ही खूण दिसली आणि इतकी संख्या झाली तर हे’ असं लिहा. एक पान कमी छापलं तरी चालेल.

विद्यापीठाच्या आणि कृषी विभागाच्या साहेबांना, शेतीशाळा कोबीच्या प्लॉटवर घ्या, मंगल कार्यालयात नको. तिथं आम्हाला स्लाइड दिसते, अळी दिसत नाही.

आणि आपल्याला, शेतकऱ्यांना. ओळखता येत नसेल तर लाजू नका, अख्खं रोप मुळासकट पिशवीत घाला आणि पैठण रोडच्या नाहीतर गांधेलीच्या कृषी विज्ञान केंद्रात घेऊन जा. गावात सहाय्यक कृषी अधिकारी आले तर त्यांना चहा पाजून सोडू नका, वावरात न्या.

या पेजवर आजपासून एक नियम. “काय मारू?” याला उत्तर मिळणार नाही. चार फोटो टाका: पानाची वरची बाजू, खालची बाजू, कोंब किंवा गड्डा मधून फाडलेला, आणि अळी सापडली तर तिचा, शेजारी काडेपेटीची काडी ठेवून. सोबत लिहा, पीक किती दिवसांचं आहे, पन्नास रोपांत किती सापडल्या, हात लावला तर मागं सरकली की गोल झाली की कमान करून चालली, आणि मागच्या दोन फवारण्यांत कोणतं टेक्निकल गेलं. एवढं असेल तर मी आणि इथले जाणकार रात्री अकरालाही उत्तर देऊ. नसेल तर माझं एकच उत्तर येईल, “पान उलटं केलं का?”

ज्यांना हे पटत नाही त्यांनी खाली खुशाल लिहा. फक्त लिहिताना किडीचं नाव घेऊन लिहा.